सुंदराबाईची उघाडी

ब्याऐंशी सालच्या दिवाळीपर्यंत डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, निदान आमच्या मजल्यावर तरी, सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या फक्त बायकाच उरल्या होत्या. पुरुष गॅलरीत उभे राहून आम्हाला जाताना बघायचे. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तो एवढा लांबेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, माझं भागत होतं. शेजारच्या खोलीतल्या सुंदराबाई कासारेने मात्र तोवर घराबाहेर काम केलेलं नव्हतं.

तिचे यजमान शामराव गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत काढायच्या खात्यात होते. आमच्या बौद्ध माणसांना बहुतेक रिंगखातंच मिळायचं. विणकामखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून तिथे आमच्या लोकांना उभं करत नसत. लग्नानंतर ही गोष्ट कळली तेव्हा सुंदराबाई नवऱ्याला म्हणाली होती, "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मग काय करायचं होतं?"

"ते मला नाही माहीत. पण गप्प नसते बसले."

संपाच्या पावसाळ्यात गिरणीचा मुकादम त्यांच्या खोलीवर आला. मी तेव्हा तिथेच डाळ निवडत बसले होते. मुकादम शामरावांशी बोललाच नाही, सुंदराबाईकडे वळला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही समजवा याला. गिरणी हळूहळू चालू होतेय. सकाळी गाडी येईल, मागच्या दाराने आत नेऊ, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"पुढचं दार कुठे गेलं?" सुंदराबाईने विचारलं.

"पुढच्या दारावर संपवाले उभे आहेत ना!"

"मग त्यांच्याशी बोलणी करा आणि पुढच्या दाराने बोलवा. ज्या दाराने माझा माणूस इतकी वर्षं गेला त्याच दाराने जाईल. मागच्या दाराने नाही."

मुकादम जिना उतरला. दुसऱ्या दिवशी सुंदराबाई काम शोधायला निघाली. शामराव त्या दिवशी जेवले नाहीत.

तिने परळ पालथं घातलं. भोईवाड्याच्या मागे नाना तळपद्यांचं गॅरेज होतं, तिथे ती उभी राहिली. नाना गिरगावातले पाठारे प्रभू, शिकलेले इंजिनियर. घरची परिस्थिती बरी, त्यामुळे नोकरी सोडून शर्यतीच्या गाड्यांच्या नादाला लागलेले. त्यांनी विचारलं, "बाई, गाडीतलं काय येतं तुम्हाला?"

"काही नाही."

"मग कसं जमायचं?"

"हे तुमचे लोक काय पोटातून शिकून आले होते?"

नाना हसले आणि त्यांनी तिला कामाला ठेवलं. काम काय, तर उघडलेल्या इंजिनांचे सुटे भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये ब्रशने घासून धुवायचे. हेड मेस्त्री धोंडू याला ते आवडलं नाही. "गॅरेजमध्ये बाई म्हणजे पनवती," असं तो तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. सुंदराबाई तोंड वर न करता म्हणाली, "मेस्त्री, तुमची गाडी बंद पडली तर माझ्यावर ढकलता येईल. सोयच झाली तुमची."

पहिल्याच आठवड्यात नाना ओरडले, "धोंडू, त्या फियाटचा संप उघड बरं!" सुंदराबाई हातातला ब्रश टाकून उभी राहिली. "नाना, संप उघडला? कधी?" सगळं गॅरेज हसलं. मग नानांनी सांगितलं की इंजिनाच्या तळाशी तेलाचं पत्र्याचं तसराळं असतं, त्याला इंग्रजीत संप म्हणतात. मेस्त्री लोक त्याला चेंबर म्हणायचे. सुंदराबाईनेही तेव्हापासून चेंबरच म्हटलं. दुसरा शब्द घरी भरपूर ऐकू येत होता.

नानांनी त्या वर्षी एक गाडी बांधली होती. दोन माणसांची, उघडी, जमिनीला चिकटलेली, फियाटचं इंजिन घातलेली. ती हरेश्वर नाखवा चालवायचा. हरेश्वर वरळी कोळीवाड्यातला. घरचे ट्रॉलर होते, आणि बापाची इच्छा होती की पोराने ते सांभाळावेत. पोराला समुद्रापेक्षा रस्ता प्यारा. मद्रासच्या बाहेर युद्धाच्या वेळची एक जुनी विमानपट्टी होती, तिथे शर्यती व्हायच्या. हरेश्वर गाडी घेऊन तिकडे गेला आणि अर्धी शर्यत होईस्तोवर गाडी ओढून परत आणायची वेळ आली. इंजिन जळालं होतं.

इंजिन उघडल्यावर धुवायला सुंदराबाईकडेच आलं. आतली बेअरिंगं काळीठिक्कर पडली होती. एकाचा तर पत्रा वितळून चुरगळला होता.

"तेल नव्हतं का?" तिने विचारलं.

"होतं की, भरपूर होतं," नाना म्हणाले. "पण जिथे पाहिजे तिथे नव्हतं. बेस्टच्या बसमध्ये तुम्ही उभ्या असता आणि ड्रायव्हर जोरात वळण घेतो, तेव्हा सगळी माणसं एका बाजूला कलंडतात ना? चेंबरमधल्या तेलाचं तसंच होतं. शर्यतीत वळण लांब आणि वेग जास्त. सगळं तेल एका भिंतीला जाऊन चढतं. मधे ही जाळी आहे, इथून पंप तेल ओढतो. जाळी उघडी पडली की पंप हवा ओढतो. हवेवर इंजिन किती वेळ फिरणार? रस्त्यावरच्या गाडीला हा त्रास नाही, शर्यतीच्या गाडीचा मात्र हा मोठा रोग."

"मग तेल जास्त घाला," धोंडू म्हणाला. "डबल घाला. कुठे जाईल?"

नानांचं मन घेत नव्हतं, पण इंजिन पुन्हा बांधल्यावर तो प्रयोग करायचा ठरला. तेव्हा बॅकबेला समुद्र बुजवून केलेली बरीच जमीन मोकळी पडलेली होती. रविवारी सकाळी तिथे गाडी नेली आणि हरेश्वरने मोठमोठे गोल घेतले. थोड्याच वेळात मागून निळा धूर यायला लागला. तेल एवढं वर आलं होतं की फिरणारा दांडा ते ताकासारखं घुसळत होता, आणि पंपाला तेलाऐवजी फेस मिळत होता. इंजिन वेळेत बंद केलं म्हणून वाचलं.

सुंदराबाई त्या दिवशी हट्टाने बरोबर गेली होती. परतताना ती नानांना म्हणाली, "तेल वाढवून उपयोग नाही. त्याला कोंडलं पाहिजे. जाळीच्या भोवती चार भिंती घाला."

"घाला म्हणजे कोण घालणार? चेंबरच्या पोटात एवढ्याशा जागेत पातळ पत्र्याला झाळ मारायची म्हणजे नाजूक काम आहे. धोंडूच्या हाताला ते नाही."

"मला शिकवा."

नानांनी खरंच शिकवलं. गॅसची निळी ज्योत कशी धरायची, पितळेची कांडी कधी लावायची, पत्रा लाल होऊन वाकडा व्हायच्या आत हात कसा काढायचा. सुरुवातीला तिने पत्र्यांना भोकं पाडली, बोटं भाजून घेतली, एकदा पदर जाळला. त्या दिवसापासून ती पदर कमरेला दोनदा गुंडाळून खोचू लागली. धोंडूला हे सहन होईना. गॅसचा सिलिंडर उघडायची किल्ली तो खिशात घालून चहाला जायचा आणि दुपारपर्यंत यायचाच नाही. तिने एक-दोनदा मागून पाहिली. मग तिने शामरावांना विचारलं, "तुमचे ते सीताराम फिटर काय करतात हल्ली?"

"काय करणार? माझ्यासारखेच गॅलरीत उभे असतात."

सीतारामने लोखंडी कांब घासून दुसरी किल्ली बनवून दिली. सुंदराबाईने ती मंगळसूत्रासारखी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि दुसऱ्या दिवशी धोंडूसमोर सिलिंडर उघडला. धोंडू बघतच राहिला. "ही कुठून आणलीस?"

"गिरणीतून," ती म्हणाली. "संप आहे ना, फिटर लोकांना वेळच वेळ आहे."

तिने जाळीभोवती चार भिंती उभ्या केल्या. तेल आत यावं म्हणून भिंतींना खाली बारीक भोकं ठेवली. काम इतकं साफ होतं की नानांनी चेंबर हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिलं. रविवारी पुन्हा बॅकबे. हरेश्वरने गोल घ्यायला सुरुवात केली. पहिले काही गोल झाल्यावर तो अंगठा दाखवून गेला. सगळे खुशीत होते. मग एकाएकी इंजिनातून हातोडा मारल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन जाम झालं होतं.

धोंडू म्हणाला, "बाई, झालं समाधान?"

नानांचा चेहरा उतरला होता. ते थकल्यासारखे म्हणाले, "सुंदराबाई, तुम्ही उद्यापासून धुण्याचंच काम बघा. किंवा दोन-चार दिवस घरीच राहा."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "माझं चुकलं असेल. नक्कीच चुकलंय. पण काय चुकलं ते मी बघितल्याशिवाय मला घरी बसवणारे हे कोण?"

सकाळी गॅरेजचं शटर वर जायच्या आधी ती दारात उभी होती. नानांनी काही म्हणायच्या आत तिने इंजिनाखाली आडवं होऊन चेंबरचे बोल्ट काढायला घेतले. चेंबर खाली आलं. भिंतींच्या बाहेर तेल भरपूर होतं. भिंतींच्या आत जाळीपाशी जेमतेम ओल. वरून गळणारं तेल बाहेरच्या बाजूला साठत गेलं होतं आणि त्या बारीक भोकांतून आत यायला त्याला वेळच मिळाला नव्हता. पंपाने आतलं संपवलं आणि पुन्हा हवा.

ती चेंबर घेऊन नानांच्या टेबलापाशी गेली आणि ते मधोमध ठेवलं. "हे बघा. इंजिन माझ्यामुळे गेलं. मी तेल कोंडलं ते बाहेर कोंडलं. भोकं मोठी केली तर वळणावर आतलं बाहेर जाईल. म्हणजे भोक नको, दार पाहिजे. आत यायला उघडेल आणि बाहेर जायला बंद होईल असं. आमच्या गावाला खारात असतं तसं."

तिचं माहेर पेणकडचं. तिथे खाडीकाठच्या शेतांना, म्हणजे खाराला, बांध घालतात आणि बांधात लाकडी झडप बसवतात. भरती आली की पाण्याच्या जोराने ती लागते, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. तिला उघाडी म्हणतात. सुंदराबाईचा बाप त्या बांधांवर मजुरीला जायचा.

नानांनी कपाटातून विलायती मासिकाचं एक पिवळं पान काढून तिच्यासमोर ठेवलं. पानावर चेंबरचं चित्र होतं आणि आत बिजागरीवर बसवलेल्या छोट्या झडपा होत्या. "तिकडच्या लोकांनी हे केव्हाच केलंय," ते म्हणाले. "मीही एकदा करून बघितलं होतं. बिजागऱ्या अगदी बरोबर मापाच्या केल्या. गरम तेलात अडकून बसल्या. मग सोडून दिलं."

"एकदाच केलंत?"

"एकदाच."

"तुम्ही सोडलंत नाना, तुम्हाला सोडून परवडतं. मी नाही सोडणार."

हे वाक्य नानांना लागलं असावं. ते उठले, बाह्या सरसावल्या आणि तिच्या शेजारी बाकावर येऊन बसले. पुढचे कितीतरी दिवस ती दोघं त्या एका चेंबरवर भांडत होती. सुंदराबाईचं म्हणणं, झडप ढिली पाहिजे, लटकती, वाऱ्याने हलेल एवढी. नानांचं म्हणणं, ढिली ठेवली तर बिजागरीची सळई निसटून पंपात जाईल आणि मग बघायलाच नको. शेवटी झडप तिच्या म्हणण्याप्रमाणे ढिली राहिली आणि सळईची दोन्ही टोकं नानांच्या म्हणण्याप्रमाणे ठोकून चपटी केली. झडप उलटी बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येकीला एक आडवा ओठ लावला. चारही भिंतींना एकेक झडप. चेंबरही दोन्ही बाजूंनी फुगवून थोडं रुंद केलं, म्हणजे खोली न वाढवता तेल जास्त मावेल.

तोवर दुसरं इंजिनही बांधून झालं होतं. आता प्रश्न होता तपासायचं कसं. सुंदराबाईने हरेश्वरला सरळ विचारलं, "मागच्या वेळी तू अंगठा दाखवलास, तेव्हा तेलाच्या दाबाचा काटा कुठे होता?"

"बरोबर होता गो सुंदराबाय."

"वळणाच्या मधे बघितलास? का वळण संपल्यावर?"

हरेश्वर ओशाळला. "वलनावर मी रस्ता बगीन का काटा बगीन?"

"तेच म्हणते. तू रस्ता बघ. काटा मी बघते. गाडीला दुसरी सीट आहे ना?"

धोंडू आडवाच आला. "आता ही शर्यतीच्या गाडीत बसणार! बाईमाणूस, लग्न झालेली! काही झालं तर पोलीस आम्हाला धरतील." नानाही नको म्हणाले. हरेश्वरसुद्धा चाचरला.

"इंजिन मी जाळलंय," सुंदराबाई म्हणाली. "दुसरं जळायचं असेल तर ते जळताना मी समोर असणार. त्याशिवाय हे चेंबर मी गाडीला लावू देणार नाही."

ही बातमी चाळीत तिच्याआधी पोचली. बायकांमध्ये कुजबुज, पुरुषांमध्ये चेष्टा. शामराव इतके दिवस गॅरेजचं नाव काढत नसत. त्या संध्याकाळी त्यांनी खुंटीवरची आपली गिरणीची खाकी पँट काढली, झटकली आणि तिच्यापुढे ठेवली. "साडी नेसून बसू नकोस. कुठेतरी अडकेल. ही घाल. कमरेला दोरी बांध."

सुंदराबाईने मला नंतर सांगितलं की लग्नात मिळालेल्या शालूपेक्षा तिला ती पँट मोलाची वाटली. पण तेव्हा ती एवढंच म्हणाली, "धुतलेली आहे ना?"

रविवारी मीही गेले. शामराव होते, सीताराम फिटर होता. सुंदराबाई खाकी पँट, वर शामरावांचाच सदरा आणि डोक्याला हरेश्वरचं जुनं हेल्मेट घालून गाडीत उतरली. उतरली असंच म्हणावं लागेल, एवढी ती गाडी ठेंगणी होती. हरेश्वरने वेग घेतला. गाडी गोलात शिरली आणि सुंदराबाईचं अख्खं अंग दाराकडे फेकलं गेलं. एका हाताने तिने लोखंडी नळी धरली होती आणि मान मात्र काट्याकडे होती. आम्ही लांबून पाहत होतो. उजवे गोल झाले. मग गाडी फिरून डावे गोल सुरू झाले आणि तिचा हात वर गेला. "थांबव! बंद कर!"

हरेश्वरने तिथेच इंजिन बंद केलं. धूळ खाली बसली. धोंडू हात वर करून म्हणाला, "बघा, मी सांगत होतो."

"काय सांगत होतात?" ती गाडीतूनच ओरडली. "उजव्या वळणाला काटा हलत नाही. डाव्याला पडतो. म्हणजे एकच उघाडी अडकतेय. तीन चालल्यात, एक रुसलीय. तुमच्या डबल तेलाने किती चालल्या होत्या?"

चेंबर तिथेच उतरवलं. ती म्हणाली तसंच निघालं. एका झडपेचं टोक जाळीच्या कडेला घासत होतं. तिने कानस घेऊन ते टोक गोल केलं, बोटाने झडप हलवून पाहिली, पुन्हा कानस मारली. चेंबर चढलं, तेल भरलं आणि ती पुन्हा गाडीत बसली. या वेळी हरेश्वरने कसलीही दयामाया केली नाही. डावे, उजवे, एकातून दुसऱ्यात. गाडी थांबली तेव्हा सुंदराबाईचा चेहरा पांढरा पडला होता. ती उतरली, चार पावलं चालली, बाजूला जाऊन ओकली आणि तोंड पुसत परत आली.

"काटा?" नानांनी विचारलं.

"खिळ्याने ठोकल्यासारखा."

पुढच्या शर्यतीला नाना तिलाही मद्रासला घेऊन गेले. गाडीबरोबरच्या मेकॅनिक म्हणून त्यांनी 'एस. कासारे' असं नाव कळवलं होतं, तसा बिल्लाही आला होता. सराव झाल्यावर सुंदराबाईने जुनं तेल काढून मलमलच्या कपड्यातून गाळलं. बेअरिंग झिजत असेल तर कपड्यावर चकाकणारी भुकटी दिसते. कपडा स्वच्छ होता. ती चेंबरचा खालचा बोल्ट मुठीत धरून नवं तेल यायची वाट बघत होती, तेवढ्यात शर्यतीचा एक अधिकारी आला. त्याने बिल्ला पाहिला, तिला पाहिलं आणि नानांना इंग्रजीत विचारलं, एस. कासारे कुठे आहे? नानांनी तिच्याकडे बोट दाखवलं. अधिकारी म्हणाला की बायकांना इथे गाड्यांपाशी उभं राहता येत नाही, त्यांच्यासाठी तिकडे मांडवात खुर्च्या आहेत.

नाना त्याच्याशी वाद घालू लागले. नियम कुठे लिहिलाय, दाखवा, वगैरे. सुंदराबाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण मांडवाकडे गेलेला हात कळला. तिने विचारलं, "काय म्हणतात?"

नानांनी सांगितलं.

तिने उजवी मूठ त्या अधिकाऱ्यासमोर धरली आणि आपल्या परळच्या हिंदीत म्हणाली, "साब, गाडी का बोल्ट इधर है. तेल डालने का तो पहले ये लगाना पडेगा. मैं लगाएगी, नहीं तो कोई नहीं लगाएगा. अभी बोलो, कुर्सी किधर है?"

त्या माणसाला हिंदी किती कळली कोण जाणे. आजूबाजूचे मेकॅनिक गोळा झाले. कुणीतरी हसलं. शेजारच्या गाडीचा एक म्हातारा तमिळ मेकॅनिक पुढे आला, त्याने सुंदराबाईच्या काळ्या झालेल्या नखांकडे बोट दाखवून अधिकाऱ्याला तमिळमध्ये काहीतरी सुनावलं. अधिकारी आधी चिडला, मग घड्याळ पाहिलं आणि पुढच्या गाडीकडे निघून गेला. परवानगी त्याने दिली नाहीच. तिनेही पुन्हा मागितली नाही. ती गाडीखाली सरकली आणि तिने बोल्ट आवळला.

हरेश्वर त्या शर्यतीत सातवा आला. पुढच्या गाड्यांची इंजिनं मोठी होती, त्यांच्याशी त्याची बरोबरी नव्हतीच. पण शर्यत पूर्ण झाली. त्या गाडीने आयुष्यात पहिल्यांदा शेवटची रेघ स्वतःच्या चाकांवर ओलांडली. हरेश्वरने थांबल्या थांबल्या हेल्मेट काढून फेकलं आणि सुंदराबाईला ओरडून सांगितलं, "सुंदराबाय, आज मी काटा बगलाच नाय गो!"

संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. शामरावांच्या गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, पुढच्या दारानेही नाही आणि मागच्याही नाही. सुंदराबाईने काही वर्षांनी नानांच्याच आशीर्वादाने घोडपदेवला एका शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. शामराव तिच्याकडे पत्रा कापायला बसू लागले. कुणी टोचून विचारलं, "काय शामराव, बायकोच्या हाताखाली?" तर ते म्हणायचे, "हो. मुकादमापेक्षा बरी आहे, पण शिव्या जास्त देते."

पुण्याहून, कोइमतूरहून, कलकत्त्याहून तिच्याकडे चेंबरं यायची. शर्यतवाले लोक त्या झडपांना उघाडीच म्हणायला लागले. त्यातल्या निम्म्यांनी खार पाहिलेला नव्हता. एकदा धोंडू मेस्त्री आला. त्याने स्वतःचं गॅरेज काढलं होतं आणि एक गिऱ्हाईक त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. सुंदराबाईने त्याला चहा पाजला, विचारपूस केली आणि म्हणाली, "करून देते मेस्त्री. पण नंबराने."

तयार झालेल्या प्रत्येक चेंबरवर ती कोपऱ्यात पंचने 'सुं. का.' असं ठोकायची. नव्वदीच्या शेवटी गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीचे दोन इंजिनियर तिच्या शेडमध्ये आले. चांगली माणसं होती. त्यांनी काम नीट समजून घेतलं आणि तिच्याकडून मोठी ऑर्डर करून घ्यायची तयारी दाखवली. अट एकच होती. कोपऱ्यातली ती दोन अक्षरं नकोत, कंपनीचा शिक्का बसेल.

"गिरणीच्या कापडावरसुद्धा गिरणीचाच शिक्का असायचा," सुंदराबाई म्हणाली. "सूत काढणाऱ्याचं नाव कुणी वाचलंय कधी? अक्षरं राहतील. नाहीतर काम दुसरीकडे न्या."

त्यांनी काम दुसरीकडे नेलं. ते परत आले नाहीत. त्या वर्षी शेडमध्ये काम कमी होतं, आणि ऑर्डर घेतली असती तर बरं झालं असतं असं शामराव एक-दोनदा माझ्याजवळ बोललेही. तिच्यासमोर बोलायची त्यांची छाती नव्हती.

शामराव गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाई नेहमीची पिशवी घेऊन घोडपदेवला निघाली, तेव्हा चाळीतल्या बायकांनी तिला जिन्यात अडवलं. कौसल्या म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील? निदान महिनाभर तरी घरी बस."

"घरी बसून काय करू?" ती म्हणाली. "ते कधी घरी बसले नव्हते, कौसल्या. त्यांना बसवलं होतं."

कौसल्या बाजूला झाली. मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. कोइमतूरचं एक चेंबर येऊन पडलं होतं, अॅल्युमिनियमचं, आणि त्याला झाळ धरत नव्हती. वाटेत ती त्याच्याबद्दलच बोलत होती.